कुत्र्याच्या अंगावर गोचिड्या आहेत म्हणून रेबीजची लस टाळू नका

गेल्या आठवड्यात आत्याच्या पोटरीला गल्लीतलं कुत्रं चावलं. फोन केला तर म्हणाली, "अगं, त्याचे कान गोचिड्यांनी भरलेत, त्याला गोचीडताप आहे. इंजेक्शन नको म्हणे, आपल्या ग्रुपवरच आलंय." जखमेत हळद भरून ती घरी बसून होती. तिला आधी दवाखान्यात धाडलं आणि मग तो मेसेज वाचला. त्यातले दावे असे: गोचीडतापानं, म्हणजे गोचिडी चावून कुत्र्याला होणाऱ्या तापानं, कुत्री पिसाळतात. हा ताप कुत्र्याच्या चाव्यातून माणसाला होतो हे अमेरिकेत सिद्ध झालंय. म्हणून गोचिड्या असलेलं कुत्रं चावलं तर रेबीजची लस घेऊ नका, प्लेटलेट तपासा आणि डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या घ्या. शिवाय कुत्र्याला रॉकेल चोळा.

लसीचा मुद्दा आधी घेते, कारण त्यानं माणूस मरेल.

गोचिड्या आहेत म्हणजे रेबीज नाही, हे कुणी ठरवलं? रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्यांच्या अंगावर गोचिड्या असतात. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या अंगावरही असतात. एकाच कुत्र्याला दोन्ही आजार असू शकतात. आणि जिवंत कुत्र्याचं रक्त तपासून रेबीज नाही असं सांगताच येत नाही. खात्रीचं निदान कुत्रं मेल्यावर मेंदूच्या तपासणीतून होतं. कुत्र्याच्या प्लेटलेट कमी आल्या तर गोचीडतापाची शंका घ्यायची, रेबीजबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

याहून घातक गोष्ट पुढेच आहे. रेबीज म्हटलं की अंगावर धावून येणारं कुत्रं आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण रेबीजचा एक मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रं अंधारात जाऊन पडतं, खात नाही, त्याचे पाय लुळे पडतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गिळता येत नाही. गोचीडतापातही कुत्रं अन्न सोडतं आणि मलूल होऊन पडतं. घरातला माणूस कानातल्या गोचिड्या बघून "टिक फीवर" म्हणतो आणि जबडा उघडून घशात गोळी ढकलायला जातो. बोटावर साधा ओरखडा असला तरी लाळेतल्या विषाणूला तेवढी वाट पुरते. डॉक्सी जिवाणूंवर चालते, रेबीजच्या विषाणूवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. आणि माणसात रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपचार जवळजवळ नाहीच.

म्हणून चावा बसला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी लस सुरू करायची. कातडीतून आरपार दात गेला असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी (तो शून्य धरून), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवा, पण ते १० दिवस सरेपर्यंत लस थांबवू नका.

आता अमेरिकेतलं संशोधन. ते खोटं नाही, हे मान्य करावं लागेल. बबेसिया हा रक्तातला परजीवी, गोचीडतापाचं एक कारण. २००० ते २००३ या काळातल्या बबेसिया झालेल्या १५० कुत्र्यांच्या नोंदी तपासून तिथल्या पशुवैद्यांनी २००५ मध्ये निष्कर्ष छापले. बबेसिया गिब्सोनी या जातीची लागण झालेली बहुतेक कुत्री पिट बुल जातीची होती, आणि पिट बुल नसलेल्या कुत्र्यांमध्ये या लागणीचा संबंध अलीकडेच दुसऱ्या कुत्र्यानं चावण्याशी दिसला. म्हणजे कुत्र्यांच्या झुंजीत रक्ताला रक्त लागून हा परजीवी गोचिडीशिवायही एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. बस, एवढंच. कुत्रं माणसाला चावल्यानं माणसाला गोचीडताप झाला, असं त्यात कुठेही नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं "कुत्र्याला" खोडून "माणसाला" केलं आणि लस घेऊ नका हे पदरचं जोडलं. तुमचं कुत्रं भांडणात फाटून आलं आणि नंतर त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी लालसर-तपकिरी झाली, तर व्हेटला त्या भांडणाचंही सांगा. या संशोधनाचा आपल्याला उपयोग आहे तो इथे.

गोचीडतापानं कुत्री पिसाळतात? नाही. दुखणाऱ्या अंगाला हात लावला तर कुठलंही आजारी कुत्रं गुरकावेल, कानातली गोचीड उपटायला गेलात तर चावेलही. पण या तापात कुत्रं साधारणपणे गळून जातं, कधी नाकातून रक्त येतं. एखादं कुत्रं कारण नसताना लोकांना चावत सुटलं, तर तिथे गोचीडतापाचं निदान करत बसू नका.

रॉकेलनं कातडी भाजते, कुत्रं ते चाटतं आणि फुप्फुसात गेलं तर जीव जातो. व्हेटकडून वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. गोचीड अंडी कुत्र्यावर नव्हे, भिंतीच्या फटीत घालते, तेव्हा फटी आणि त्याचं गोणपाटही साफ करा. आणि गोचीड नखानं चिरडू नका. कुत्र्याच्या गोचिडीतून माणसाला टिक टायफस हा ताप होऊ शकतो. तो गोचीड चावल्यानं किंवा चिरडलेल्या गोचिडीचा रस कातडीवरच्या चिरेत गेल्यानं होतो, कुत्र्याच्या दातांतून नाही.