आ कर!

दुसऱ्याला भरवताना माणूस स्वतःचंच तोंड उघडतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं, तेही बायकोने गुपचूप काढलेल्या व्हिडिओमुळे. व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. त्यात कन्या उंच खुर्चीत बसली आहे, ओठ घट्ट मिटून. समोर मी. माझ्या हातात चमचा, चमच्यात कुस्करलेला लाल भोपळा. चमचा तिच्या तोंडाजवळ गेला की माझा जबडा खाली. चमचा मागे आला की जबडा वर. असं सत्तावीस वेळा. बायकोने मोजलंय. आवाज बंद करून बघितलं तर मत्स्यालयातला मासा आणि काचेबाहेरून त्याच्याकडे शांतपणे बघणारं मूल, असंच दिसतं.

"तिला भरवतोयस की तिच्याकडे जेवायला मागतोयस?" बायकोने विचारलं.

खरं तर तयारीत मी कुठेच कमी पडलो नव्हतो. "वरचं सुरू केलं का?" हा प्रश्न पाचवा महिना लागल्यापासून जो तो विचारत होता. मला वाटायचं, वरचं म्हणजे दुधाच्या वर आणखी काहीतरी. आता अनुभवाने सांगतो, वरचं म्हणजे जे तोंडाच्या वर राहतं ते. भुवया, कपाळ, केस, आणि खुर्ची भिंतीजवळ असेल तर भिंत.

डॉक्टर म्हणाले, "सहा महिने पुरे होऊ द्या. मान सावरते का, आधाराने बसते का, खाण्याकडे लक्ष जातं का, एवढं बघा." मान सावरत होती. बसत होती. लक्षाचं तर विचारूच नका. माझा घास ताटातून तोंडात जाईपर्यंत ती टेनिसच्या सामन्यातल्या प्रेक्षकासारखी मान वळवायची. एवढी उत्सुकता मी आमच्या ऑफिसात कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेली नाही. डॉक्टरांनी कारणही समजावलं. बाळ जन्माला येताना लोहाची शिदोरी बांधून आणतं, ती सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येते, आणि दुधात लोह अगदी थोडं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला दुसरं अन्न सुरू करा म्हणते. "डाळी, अंडं, मांस, काय खात असाल ते मऊ करून द्या. सुरुवातीला दोन-तीन चमचे. बस."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. आधीचंही बहुधा नाही. कारण घरी येऊन मी फ्रिजवर जो तक्ता लावला त्यात भोपळा, गाजर, रताळं, पुन्हा भोपळा असा क्रम होता. रंगाने सुंदर दिसत होता. लोहाच्या दृष्टीने या तिघांचं फारसं काही सांगण्यासारखं नाही, हे बायकोने सांगितलं, पण तोवर मी अख्खा भोपळा घेऊन आलो होतो.

इथे एक कबुली देतो. मला स्वतःला भोपळा आवडत नाही. आवडत नाही म्हणजे लहानपणापासून माझ्या ताटात त्याला जागा नाही. पण आपल्याला जे जमलं नाही ते मुलांनी करून दाखवावं, ही बापांची जुनी खोड.

भोपळा शिजवला, गाळणीतून घासून काढला. हे गाळणीचं काम भलतंच कंटाळवाणं आहे. गर्बर या बाळांच्या खाण्याच्या कंपनीची सुरुवातच म्हणे या कंटाळ्यातून झाली. १९२७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डोरोथी गर्बर आपल्या सात महिन्यांच्या मुलीसाठी अन्न असंच घासून गाळत होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, जरा तू करून बघ. नवऱ्याची धडपड पाहून त्यांनीच सुचवलं की तुमच्या घरचा डबाबंद पदार्थांचा कारखाना आहे, तिथे हे सहज होईल. पुढच्या वर्षी डबे बाजारात आले. ही गोष्ट मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "आपला कारखाना नाही. गाळ."

गाळलेला भोपळा बर्फाच्या साच्यात भरून गोठवला. नारिंगी चौकोनी खडे. त्यातले दोन एका पाहुण्यांच्या पाण्याच्या ग्लासात गेले, पण ते वेगळं प्रकरण आहे. ते आता आमच्याकडे येत नाहीत.

पहिल्या दिवशी चमचा आत गेला. ओठ मिटले. मी श्वास रोखला. दोन सेकंदांनी तिची जीभ पुढे आली आणि सगळा भोपळा, जसा दिला होता तसा, एक कणही न घेता, हनुवटीवर आणून ठेवला. मी तो चमच्याने गोळा करून पुन्हा आत घातला. तिने परत केला. हिशेबाला इतकी चोख मुलगी माझ्या घराण्यात नाही. त्या दिवसाचा धावफलक: भोपळा. दोन्ही अर्थांनी.

जीभ अशी बाहेर ढकलते ती मुद्दाम नव्हे. दूध ओढणाऱ्या बाळांच्या जिभेला ती सवयच असते, आणि चार ते सहा महिन्यांत ती हळूहळू मोडते. कुणाची दोन दिवस आधी, कुणाची दोन आठवडे नंतर. हे मला माहीत होतं. तरी मनाला लागलंच. दुसऱ्या दिवशी चमचा बघताच तिने मान वर केली आणि छताकडे बघत राहिली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. ही खाण्याआधीच मोजत होती.

तिसऱ्या दिवशी माझी आई मदतीला आली. म्हणाली, "अरे, अळणी भोपळा तू तरी खाशील का? चिमूटभर मीठ टाक. नाहीतर मधाचं बोट लाव." मधाचं बोट लावण्यात माझी हयात गेली आहे; माझी नोकरी त्याच्यावरच टिकून आहे. पण इथे ते चालत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. लहान बाळांचा हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. म्हणून वर्ष होईपर्यंत मध अजिबात नाही. मीठही वरून घालायचं नाही, साखरही नाही. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू कसा जगलास?" या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात अजून उत्तर नाही.

मग केळं. केळ्याची एक छोटी गुठळी घशाकडे गेली आणि कन्येने डोळे विस्फारून, लाल होत, "घ्यॅक्" असा आवाज काढला. मी उभा. खुर्ची आडवी. बायकोने मला खांद्याला धरून खाली बसवलं. आम्ही दोघांनी प्रथमोपचाराचा वर्ग केला होता. तिने तो ऐकलाही होता. बाळांना उबळ फार पुढे, जिभेवरच येते, आपल्यासारखी घशात मागे नाही. खोकतंय, आवाज करतंय, लाल झालंय, तर ते स्वतःच निस्तरतंय, बोटं घालायची नाहीत. भीती आवाजाची नाही, आवाज बंद होण्याची. तेव्हा मात्र एक सेकंदही बसून राहायचं नाही. कन्येने गुठळी पुढे आणली, थोडी चावल्यासारखी केली आणि गिळली. ती पुन्हा केळ्याकडे हात करत होती तेव्हा मी पाणी पीत होतो.

केळ्याने दुसऱ्या दिवशीही एक झटका दिला. लंगोटात बारीक काळे दोरे. जंत! मी भिंग आणलं. ते केळ्याचेच धागे असतात म्हणे, पोटातून जाताना काळे पडतात. भिंगातून तपासणारा बाप म्हणून माझा फोटोही बायकोकडे आहे.

भोपळ्याचं माझं काम चालूच होतं, आणि यशाचा आकडा तोच होता. कुठेतरी ऐकलं होतं की नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही द्यावी लागते. म्हणून मी एका बैठकीत सत्तावीस वेळा दिली. तोच तो व्हिडिओ. पंधरा वेळा म्हणजे पंधरा निरनिराळ्या दिवशी, हे नंतर कळलं.

आणि आठव्या महिन्यात एका सकाळी बाळाचं नाक पिवळं दिसलं.

आधी वाटलं, उजेडाचा खेळ. खिडकीपाशी नेलं. पिवळंच. तळहात उघडून बघितले, तळपाय बघितले. पिवळे. मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, कावीळ! नाक, हात, पाय, सगळं पिवळं पडलंय."

"डोळे पांढरे आहेत का?"

"हो, सकाळपासूनच झालेत."

"तुमचे नाही हो. बाळाचे."

बाळाचे डोळे स्वच्छ पांढरे होते, आणि ती त्या डोळ्यांनी माझ्या फोनकडे बघत होती. डॉक्टरांनी विचारलं, "भोपळा, गाजर किती देताय?" मी म्हटलं, "देतो खूप, पण ती खातच नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "असं करा, घरच्या सगळ्यांना विचारून मला सांगा." बाळाला घेऊन यायलाही सांगितलं.

घरच्या सगळ्यांना विचारलं. मी ऑफिसला गेलो की आई वाटीभर भोपळा भरवत होती. "माझ्याकडून तेवढी खाते, म्हटलं तुला वाईट वाटेल." संध्याकाळी मी यायच्या आधी बायको गाजर-रताळं भरवत होती. "तुझा तक्ता होता ना, वाया कशाला घालवू?" म्हणजे घरातली दोन माणसं एकमेकींना न सांगता बाळाला नारिंगी करत होती, आणि तिसरा माणूस रोज रात्री पोट भरलेल्या बाळासमोर तोंड उघडून बसत होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि हसले. कॅरोटीन. भोपळ्या-गाजराचा रंग रक्तातून कातडीत उतरतो, नाकावर आणि तळव्यांवर आधी दिसतो. काविळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा होतो, यात होत नाही. अपाय काही नाही, प्रमाण कमी करा, काही आठवड्यांत रंग उतरेल. "आणि जरा डाळ, अंडं द्या हो. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

येताना मी बाळाच्या पिवळ्या नाकाकडे बघत होतो. खरं सांगू, अभिमान वाटला. गुणपत्रिका होती ती. माझी नसली म्हणून काय झालं.

पण प्रश्न उरलाच: माझ्याच हातून का नाही? बायकोने एका जुन्या प्रयोगाचं वाचून दाखवलं. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९२०च्या दशकात दूध नुकतं सुटत असलेल्या बाळांवर तो सुरू केला आणि १९३९ मध्ये एकूण १५ मुलांची हकिगत मांडली. बाळांसमोर साधे, बिनमसाल्याचे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत मांडायचे. यादी ३४ पदार्थांची. काय खायचं, किती खायचं, ते बाळाने ठरवायचं. मुलं चांगली वाढली. चाचपडत, सांडत, हातांनी खात वाढली. मीठही वेगळ्या भांड्यात असायचं. मुलं ते तोंडात घालायची, ठसकायची, रडायची, आणि पुन्हा त्याच भांड्याकडे वळायची. (हे आईला मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली, "बघ.") बाईंनी शेवटी स्वतःच सांगून टाकलं की सगळी गोम पदार्थांच्या यादीत होती. वाईट काही ठेवलंच नव्हतं, मग निवड चुकणार कशी?

मला मात्र त्यातल्या नर्सबाई आवडल्या. त्यांना हुकूम असा की चमचा हातात धरून गप्प बसायचं. बाळाने भांड्याकडे हात केला तरच चमचा भरायचा, त्याने तोंड उघडलं तरच आत घालायचा. "खा ना", "शहाणं बाळ ते", "आऽऽ", काही म्हणजे काही बोलायचं नाही. शब्दशः मूग गिळून.

"जमेल तुला?" बायकोने विचारलं.

जमलं नाही. पहिल्या दिवशी मी ओठ दातांखाली धरून बसलो तर भुवया वर जायला लागल्या. दुसऱ्या दिवशी भुवयांवर लक्ष ठेवलं, तर जबडा सुटला. मग मी माझं स्वतःचं जेवण तिच्या शेजारी बसून जेवू लागलो, म्हणजे तोंडाला काम राहील. तिच्या पुढ्यात मऊ डाळ, उकडलेल्या अंड्याचे तुकडे, भाताची चार शितं. मी माझ्या ताटात बघायचो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचं: दोन बोटांची चिमट करून ती एक शीत धरते आहे. ते निसटतं. पुन्हा धरते. जीभ बाहेर, कपाळाला आठी, घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसासारखी. शीत तोंडात जायला दीड मिनिट लागलं. एक शीत! आणि मग ती माझ्याकडे वळून बघते, मी पाहिलं का म्हणून. मी नाही पाहिलं. मी जेवत होतो.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. ती दहा महिन्यांची झाली आहे, नाकाचा रंग जागेवर आला आहे, आणि भोपळा आठवड्यातून एकदाच असतो. तिने चमच्याने, अर्धा हाताने, बराच भोपळा खाल्ला. मग चमचा भरला, खुर्चीतून पुढे वाकली आणि तो माझ्या तोंडासमोर धरला. हात थरथरत होता. भोपळ्याचा थेंब माझ्या शर्टावर पडला. मी ओठ मिटून घेतले, सवयीने.

तिने स्वतःचं तोंड उघडलं. मोठं. "आऽऽ."

खाल्ला. थंड, अळणी आणि कुणाच्या तरी तोंडात आधी जाऊन आलेला. गिळला. तिने लगेच दुसरा चमचा भरायला घेतला.

दारात बायको उभी होती, फोन हातात. "म्हणजे भोपळा खातोस तू," ती म्हणाली. आत आईने तेवढ्यात माझं ताट वाढायला घेतलं होतं, आणि पातेल्यात पळी खरवडल्याचा आवाज आला.