काम अर्धवट टाकायचे आणि वर आम्हालाच बुडवे म्हणायचे

आज सकाळी आमचा कंत्राटदार सोसायटीत आला आणि वर येऊन काम पाहण्याऐवजी फाटकाशीच उभा राहून वॉचमन, दूधवाला आणि फिरून परतणारे जोशी काका यांच्यासमोर मोठ्याने म्हणाला, "या मॅडम कष्टाचे पैसे बुडवतात." आयुष्यात कुणाची पै ठेवली नाही आणि हे ऐकून घ्यायचे? दोन्ही न्हाणीघरांच्या कामाचे १,८०,००० रुपये ठरले होते, त्यांतले १,५०,००० त्याच्या खात्यात कधीच जमा झाले आहेत. म्हणजे पैसे माझे अडकले आहेत, त्याचे नाहीत.

वर आला असता तर दिसले असते. फरशीचा उतार जाळीकडे नसून दाराकडे आहे, त्यामुळे बादलीभर पाणी ओतले की ते थेट पॅसेजमध्ये येते. बेसिनच्या पाइपाच्या तोंडात सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबून ठेवला आहे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून गळती तपासायची असते, ती तपासणी न करताच फरशी बसवून टाकली आणि आता खालच्यांच्या छताला ओल आली आहे. विचारले की ठरलेले उत्तर, "होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका." या वाक्याचा मला मनस्वी संताप येतो. आधीच्या सुतारानेही हेच म्हणत ॲडव्हान्स घेतला आणि ओट्याखालच्या कपाटांची दारे न लावताच तो गावी गेला. रंगाऱ्याचे तर नावही काढायला नको. यांना पक्के बिल मागितले की जीएसटी आठवतो, आणि कामाची तारीख लिहून मागितली की आपला त्यांच्यावर विश्वास नाही, असे म्हणून तेच रुसतात.

पैसे घेऊन काम अर्धवट सोडणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. फोटो, बँकेच्या नोंदी आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे सगळे निरोप जोडून मी आजच स्पीड पोस्टाने नोटीस धाडली आहे. त्याने फरशी उखडून उतार नीट करावा, चोवीस तास पाणी साठवून दाखवावे आणि खालच्यांचे छत कोरडे राहिले की उरलेले तीस हजार त्याच दिवशी घेऊन जावे. तोवर एक रुपयाही मिळणार नाही, मग फाटकाशी येऊन कितीही ओरडला तरी.