नकोसा झालेला पोपट सन्मानाने कसा हाकलावा

पोपट आणताना त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडण्याच्या भानगडीत आपण पडला नाहीत, हे उत्तमच केलेत. मकाव आणि काकाकुवा यांसारखे मोठे पोपट पन्नास-साठ वर्षे सहज जगू शकतात. अमेरिकेतील ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा तर २०१६ साली मेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. हे आधी कळले असते, तर आपण कदाचित मासे पाळले असते आणि नकोशा पक्ष्यांना सांभाळणाऱ्या एका आश्रयगृहाला आपल्या परिचयाचा लाभ झाला नसता.

पोपट सोडून देण्याची योग्य वेळ म्हणजे तो वयात येतो ती. तोवर खांद्यावर बसून कानाची पाळी कुरतडणारे ते गोजिरवाणे पिल्लू आता घरातल्या एकाच माणसाला आपला जोडीदार मानू लागते आणि उरलेल्यांच्या बोटांचा समाचार घेते. ज्याने पैसे मोजले त्यालाच पसंती द्यावी, एवढा साधा व्यवहारही त्याला कळत नाही.

शिवाय तो ओरडतो. रानात सकाळ-संध्याकाळ थवा एकमेकांना हाका मारतो आणि आपला पोपटही फक्त ‘कुठे आहात?’ एवढेच विचारत असतो, असे जाणकार सांगतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. दुसऱ्या खोलीतून आपणही ‘गप्प बस!’ असे खच्चून ओरडावे. हाकेला हाक मिळाल्याचे पाहून तो उद्या दुप्पट जोमाने ओरडेल आणि सोडून देण्याचे कारण आयतेच पक्के होईल. त्यानंतर पिंजऱ्यावर चादर टाकून त्याला एकटे ठेवावे. काही महिन्यांत तो स्वतःची पिसे उपटू लागेल. छाती उघडी पडून कोंबडी सोलल्यासारखी दिसेल, पण मान आणि डोके मात्र जसेच्या तसे राहील, कारण तिथवर त्याची चोच पोहोचत नाही. आश्रयगृहाला छायाचित्र पाठवताना फक्त मानेच्या वरचे पाठवावे.

खिडकी उघडून त्याला ‘स्वातंत्र्य’ देण्याचा मोह मात्र टाळावा. ज्याने आयुष्यभर वाटीतल्या सूर्यफुलाच्या बियाच खाल्ल्या, त्याला भूक आणि ससाणा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकाव्या लागतात. आणि समजा तो शिकलाच, तर परत येऊन आपल्याच खिडकीबाहेर ओरडेल.

तेव्हा आश्रयगृहच बरे. रविवारी संध्याकाळी, न कळवता जावे. चेहऱ्यावर दानशूराचा भाव असावा आणि पिंजराही आपण फुकट देत आहोत, हे दोनदा सांगावे. त्याचा आहार, सवयी, आजार यांची माहिती लिहून नेऊ नये. एरवी तिथल्या लोकांना करायला काम काय असते? नव्या पक्ष्याला कित्येक दिवस वेगळे ठेवायचे, तपासण्या करून घ्यायच्या, बियांवर पोसलेल्या त्या प्राण्याला पालेभाजी हे अन्न असते याची खात्री पटवायची, आणि हे सारे आपण परत फोन करणार नाही हे गृहीत धरून.

त्याच्या तोंडी शिव्या असतील, तर संकोच नको. इंग्लंडमधील लिंकनशायरच्या एका उद्यानात २०२० साली पाच करडे आफ्रिकी पोपट एकमेकांसमोर इतक्या शिव्या देऊ लागले, की त्यांना काही काळ प्रेक्षकांपासून दूर ठेवावे लागले. त्या शिव्या त्यांना कोणत्या सुसंस्कृत घरांनी शिकवल्या, याची चौकशी कोणी करत बसले नाही.

पुढे कधी सहज भेटायला गेलात, तर संध्याकाळी मात्र जाऊ नये. त्या वेळी तो आधी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज काढतो, मग दार करकरते, मग आपल्या पत्नीच्या आवाजात ‘आलात का?’ असे विचारतो आणि क्षणभर थांबून आपल्याच आवाजात, त्याच थकलेल्या सुरात, ‘आलो, आलो’ असे उत्तर देतो. शेजारच्या पिंजऱ्यातला करडा पोपट मान कलती करून ऐकत असतो. अलीकडे किल्लीचा आवाज त्यालाही जमू लागला आहे.