बस न आणता बसखरेदी कशी करावी

महामंडळाच्या खरेदी विभागात तुमची बदली झाली म्हणे, अभिनंदन. कुठल्या महामंडळात ते तुम्हीपण सांगू नका, मीपण विचारत नाही. फक्त एक गोष्ट आधी मनातून काढून टाका, की खरेदी विभागाचं काम म्हणजे बस खरेदी करणं. तसं पब्लिकला वाटतं. तुमचं काम खरेदीची फाईल नियमात बसवणं, बसमध्ये कोण बसणार आणि बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पोरांना सकाळी कॉलेजला कशात कोंबून आणायचं ते डेपोवाले बघतील, त्यांना सवय आहे.

तर सुरुवात कायद्यापासून. कर्नाटकात १९९९ चा सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा आहे, ऑफिसात सगळे केटीपीपी म्हणतात. कायदा चांगला आहे बरं का, चेष्टा नाही, टेंडर जाहीर करा, भरायला वेळ द्या, अटीत बसणाऱ्यांमध्ये सगळ्यात कमी दर असेल त्याला द्या, ज्याला नाही मिळालं त्याला अपिलाची सोय ठेवा. वाचून डोळे भरून येतात. पण सगळा वाचत बसू नका, चौथ्या कलमाशी थांबा, तिथं हा कायदा कुठं लागू नाही त्याची यादी दिलीय. आपत्ती आली तर नाही, वस्तू एकाकडेच मिळत असेल तर नाही, असं करत करत पुढं ४(जी), म्हणजे सरकारनं नोटिफिकेशन काढून सूट दिली तर नाही. खानापूरच्या जंगलात मोबाईलला रेंज मिळत नाही, पण ह्या फोर जीला सगळीकडे फुल रेंज असते राव.

आता स्पेसिफिकेशन. इथं घाई करू नका, खरं कौशल्य इथंच आहे. बस कशी पाहिजे हे रस्त्याला विचारायचं नसतं, मागच्या टेंडरच्या पीडीएफला विचारायचं. मागच्याने बेंगळूरचं कॉपी केलेलं असतं, बेंगळूरवाल्यानं दिल्लीचं. केंद्राच्या शहरी बसच्या स्पेसिफिकेशनमध्ये फ्लोअरची उंची ४०० मिलिमीटर, ६५०, ९०० अशी दिलीय. ४०० वाली लो फ्लोअर, व्हीलचेअरवाल्यांना, म्हाताऱ्यांना चढायला सोपी, आणि ती पाहिजेच, त्यात वाद नाही. पण पावसाळ्यात कणकुंबीच्या रस्त्याला ४०० मिलिमीटर म्हणजे बस आत जाते आणि खड्डा बाहेर राहतो अशी गत. मग काय करायचं? रस्ता नीट करायचा का? ते पीडब्ल्यूडीचं, आपल्या फाईलीत नाही. ती बस हायवेला निपाणीकडे लावायची, आणि कणकुंबीला वर्षानुवर्षं घासलेली जुनीच पाठवायची. जुनी तरी कुठली म्हणा, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द, त्यात महामंडळाच्या बसपण आल्या. म्हणजे जुनी भंगारात, नवी टेंडरात. मधल्या काळात प्रवाशांनी काय करायचं हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं ते फॉर्मात नाही, म्हणून सोडून द्या.

पात्रतेच्या अटी लिहिताना हात सैल ठेवू नका. इतक्या कोटींची उलाढाल, इतक्या बस पुरवल्याचा अनुभव, अमुक इतके महिने अमुक शहरात चालवल्याचं सर्टिफिकेट, असं लिहित लिहित जायचं आणि शेवटी बघायचं किती कंपन्या उरतात. तीन उरल्या तर अजून एक अट बसते. एक उरली तर जरा जास्त झालं, फेरटेंडर काढावं लागतं, आणि त्यात सहा महिने आरामात जातात, म्हणजे तेपण वाईट नाही. आमच्याकडे मुलगा ठरवून मग चार स्थळं बघून यायची पद्धत होती, त्यातला प्रकार. प्री-बिड, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या मीटिंगला मात्र चहा चांगला ठेवा, तिथं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच, टेंडरमध्ये लिहिल्याप्रमाणे.

देशी मालाची अट विसरू नका. केंद्राचा २०१७ चा मेक इन इंडियाचा आदेश आहे, माल निम्मा किंवा जास्त देशी असेल तर पुरवठादाराचा पहिला वर्ग, वीस ते पन्नास टक्के असेल तर दुसरा, आणि दहा कोटींच्या वर खरेदी असली की देशीपणाचं सर्टिफिकेट ऑडिटरनं द्यायचं. उद्देश चांगलाच आहे, कारखाने इथं यावेत, पोरांना कामं मिळावीत. पण बॅटरीचे सेल कुठून आले, मोटर कुठून आली हे बघायला तुम्ही कारखान्यात थोडेच जाणार, कागद बघायचा आणि टिक मारायची. पुढं घाटात गाडी बंद पडली की ढकलणारे शंभर टक्के लोकल असतात, त्यांना सर्टिफिकेट लागत नाही.

आणि हो, जुलै २०२० चा अजून एक नियम आहे, भारताला लागून जमिनीची सीमा असलेल्या देशांतल्या कंपनीला टेंडर भरायच्या आधी नोंदणी करावी लागते. बेळगावात सीमा हा शब्द कागदावर दिसला की आधी महाराष्ट्राच्या हद्दीवरची शिनोळी आठवते, म्हणून सांगून ठेवतो, हा नियम देशांसाठी आहे, महाराष्ट्रासाठी नाही. तरीपण साहेबांना एकदा विचारून घ्या, कोण काय रिमार्क मारेल सांगता येत नाही.

खरेदीच नको वाटत असेल तर नवीन फॅशन आहे, बस विकत घ्यायचीच नाही, किलोमीटर विकत घ्यायचे. ऑगस्ट २०२३ ला केंद्रानं पीएम ई-बस सेवा आणली, १०,००० बस, ५७,६१३ कोटींचा अंदाज, तीन लाख ते चाळीस लाख वस्तीच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत बेळगाव पावणेपाच लाखाच्या वर आहे, म्हणजे आकड्यात आपण आरामात बसतो, बसमध्ये बसायचं नंतर बघू. ह्यात बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर आणि तिकिटाचे पैसे महामंडळाचे, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे. केंद्र मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मधल्या साईझला २२, लहानाला २० देतं, उरलेलं तुम्ही भरायचं. आता डोकं लावा. ज्याला किलोमीटरवर पैसे मिळतात त्याला पॅसेंजर म्हणजे निव्वळ वजन, थांबायला लागतं, दार उघडायला लागतं, बॅटरी खाते. तुम्ही करारात थांबा चुकवला की दंड लिहिलेला असतो, चांगली गोष्ट आहे, पण तो दंड लावायला संध्याकाळी स्टॉपवर कोणतरी उभं पाहिजे की ओ, आणि ते पद भरलेलं नसतं. ठरलेले किलोमीटर तुम्ही पळवून घेतले नाहीत तर त्याचाही काही भाग द्यावा लागतो. म्हणजे उभ्या बसचंपण मीटर चालू.

कोण म्हणेल तिकडं महाराष्ट्रात बरं असेल. सीमाभागात राहून आपल्याला पलीकडचं सगळंच बरं वाटतं. तर एसटीनं ५१५० ई-बस भाड्यानं घ्यायचा करार केला आणि ठरल्या वेळेत त्यातल्या थोड्याच आल्या, तेव्हा ह्या बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत आहे असं समजायला हरकत नाही. एवढं एकमत बाकी कशात दिसत नाही.

गर्दीची चिंता करू नका. ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे, कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमध्ये फुकट, आणि पलीकडं एसटीत अर्धं तिकीट. निपाणीपर्यंत शक्ती, पुढं हद्द ओलांडली की अर्ध्या तिकिटाची एसटी, हा हिशोब आमच्या मावशांना तोंडपाठ आहे, तुमच्या अकाउंट्सला कळायला तीन सर्क्युलर लागतील. बायका घराबाहेर पडायल्या, कामाला जायल्या, दवाखान्यात जायल्या, हे झालंच पाहिजे होतं. फक्त बस तेवढ्याच राहिल्या, ही बाब धोरणात्मक असल्यामुळे तुमच्या टेबलावर येत नाही.

चुकून बस आलीच, तरी हातपाय गाळू नका. महाराष्ट्रातल्या चंदगडला सोडायची म्हणजे ती दुसऱ्या राज्यात जाणार. मोटार वाहन कायद्याचं ८८ कलम उघडा, दोन राज्यांत करार पाहिजे, त्याचा प्रस्ताव दोघांनी राजपत्रात आणि पेपरात छापायचा, कमीत कमी तीस दिवस हरकतींसाठी द्यायचे. एवढ्यात कुठंतरी कंडक्टर-पॅसेंजरची भाषेवरून वादावादी होते, कुणीतरी बसला काळं फासतं, मग दोन्हीकडच्या फेऱ्या बंद, आणि तुमची नवी बस डेपोत सुरक्षित. बोर्डावर कुठली अक्षरं पाहिजेत ह्यावर दोन्हीकडचे मोर्चे निघतात, निघू देत, अक्षरं महत्त्वाचीच आहेत, मलापण माझी पाहिजेत. पण बोर्ड ज्याच्या कपाळावर लावायचा ती बस कुठाय हे विचारायला दोन्ही मोर्चांतून कोण येत नाही, ह्या शांततेचा खरेदी विभागानं नेहमी आदर केलाय.

त्यापेक्षा बसस्टॉप घ्या. २०१६ ला पहिल्या वीस स्मार्ट सिटींत बेळगाव लागलं तेव्हापासून स्टॉपचे दिवस चांगले आहेत. स्टॉपला आरटीओ पासिंग नाही, ड्रायव्हर नाही, ब्रेकडाऊन नाही, उद्घाटनाला आमदार येतात, मागं जाहिरात लावायला जागा मिळते. बसची वेळ दाखवायचा बोर्ड त्यात लावून टाका, बंद असला तरी बसपेक्षा वाईट नाही.

कोर्टाचं सांगायचं राहिलं. एखादा हरलेला ठेकेदार धारवाड खंडपीठात जातो, स्टे आणतो. नाराज होऊ नका, स्टेच्या काळात तुमच्यावर कसलीच जबाबदारी नाही, मॅटर सबज्युडिस आहे, म्हणजे कोर्टापुढं आहे, एवढं म्हणायचं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या लोकांना तारखेची वाट बघायची प्रॅक्टिस आहे.

राहिला एखादा आरटीआयवाला. दहा रुपये भरून विचारेल, आमच्या गावाला बस का नाही आणि कधी येणार. घाम फुटू देऊ नका. कर्नाटकाच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांत पाहिजे आणि एका अर्जात एकच विषय. का नाही हा एक विषय झाला, कधी येणार हा दुसरा. अर्ज परत पाठवा, दोन वेगवेगळे करून आणायला सांगा, आणि ऑफिस स्टँडपासून लांब असेल तर येताना रिक्षानं या म्हणावं.