डोळे एका बाजूला असले म्हणून मासा विषारी ठरत नाही

वहिनीला सातवा महिना चालू आहे. माहेर मालवणचं, मासे म्हणजे जीव की प्राण. तरी रविवारी गणेश पेठेतून आणलेलं पापलेट तिने ताटातून बाजूला सारलं. कारण आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक फोटो: खडकाला चिकटलेला, वीतभरही नसलेला मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. खाली मजकूर असा, की नॉर्वेच्या समुद्रात तेलविहिरींच्या रसायनांमुळे हा 'टॉपनॉट' मासा विद्रूप झाला. वाळूतला चपटा मासा खडकावर आला हेच विषाचं लक्षण. तोच पुण्यात पापलेट म्हणून विकतात. आणि गर्भवतीने खाल्ला तर बाळ तिरळं होतं. 'दहा जणांना पाठवा.' आत्याने चौदा जणांना पाठवला.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यापायीच आमच्याकडे ताट परत गेलं. माशाच्या डोळ्यांवरून बाळाचे डोळे ठरत असते, तर कुर्ल्या खाणाऱ्या अख्ख्या कोकणात देठावर डोळे असलेली माणसं हिंडली असती! तिरळेपणा हा डोळा फिरवणारे स्नायू आणि नसा यांच्या ताळमेळाचा प्रश्न आहे. घराण्यात तिरळेपणा असणं, चष्म्याचा मोठा नंबर, बाळ अपुऱ्या दिवसांचं असणं, अशी त्याची कारणं. आईने खाल्लेला मासा कसा दिसत होता, याचा इथे संबंधच नाही. उलट अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गर्भवतींना आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, कमी पारा असलेले मासे खायला सांगतं. त्यांच्या पहिल्या पसंतीच्या यादीत सोल आणि फ्लाउंडर आहेत. या दोघांचेही दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. आपला लेपा त्याच गोतातला.

आता एवढं कबूल करतो, की मासे डोळे झाकून खावेत असंही नाही. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून या दिवसांत शार्क नको, म्हणजे मोरी-मुशीही नको. २०१८ साली गोव्यात, मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात या आरोपावरून जे रणकंदन झालं तेही आठवतं. पण ही भीती खरी असली तरी तिचा या फोटोशी काडीचा संबंध नाही.

रसायनांचं म्हणाल तर चपटे मासे जन्मतात तेव्हा चारचौघांसारखेच असतात, दोन्हीकडे एकेक डोळा. वाढताना एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा कुशीवर पडून राहायला लागतो. टॉपनॉटमध्ये उजवा डोळा डावीकडे जातो. ही काल-परवाची विकृती नव्हे. जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी २००८ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकामध्ये सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या चपट्या माशांचे जीवाश्म मांडले. त्यांत डोळा वर सरकलेला आहे, पण अजून पलीकडे पोचलेला नाही. तेव्हा तेलविहीर कुणी खणली होती, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं. माणूसच नव्हता!

खडकाचं तर सोडूनच द्या. टॉपनॉटचं घरच खडक. बाकीचे भाऊबंद वाळूत दडतात, हा दगडाला चिकटून दगडासारखाच दिसतो. राहत्या घरी सापडणं हे विषाचं लक्षण कसं?

राहिलं पापलेट. नॉर्वेजियन टॉपनॉट वाढून वाढून १२ सेंटिमीटरचा, ईशान्य अटलांटिकातला; तिथलेही कोळी मुद्दाम त्याच्यामागे जात नाहीत. तो पुण्यापर्यंत आणून पापलेटच्या भावात विकायला व्यापारी खुळा नाही. शिवाय पापलेट अंगाने चपटं असलं तरी उभं पोहतं. आत्याला म्हटलं, फ्रीजमधलं उरलेलं कच्चं पापलेट उलटं करून बघ. केलं तिने. दुसऱ्या बाजूलाही डोळा होताच.