पाव फेरीचं कुलूप

स्प्रेच्या बाटलीच्या चौकोनी नोझलला चार बाजू असतात आणि त्यातल्या दोन बाजूंवर ‘ऑफ’ लिहिलेलं असतं. लिहिलेलं म्हणजे काय, पांढऱ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्याच प्लॅस्टिकची उठावाची अक्षरं. ती वाचायची तर चष्मा लागतो, तिरका उजेड लागतो आणि बाटली डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आणावी लागते. म्हणजे आतलं द्रव डोळ्यांत जाऊ नये म्हणून केलेली सोय वापरण्यासाठी नोझल आधी डोळ्यांसमोर धरायचं. ही सोय ज्याने काढली त्याला माझा दुरूनच नमस्कार. दुरून अशासाठी, की त्याची बाटली ऑफ आहे की नाही हे मला अजून वाचता आलेलं नाही.

हे म्हणे लहान मुलांसाठीचं कुलूप. खरं तर साधं फिरणारं नोझल हे कुलूप नव्हेच, तो नळाचा कॉक आहे. पाव फेरी दिली की बंद, आणखी पाव दिली की फवारा, पुन्हा पाव दिली की बंद, मग धार. कुठेही काही दाबावं लागत नाही. आणि तीन वर्षांच्या मुलाचा पूर्णवेळ व्यवसाय काय असतो? फिरणारी प्रत्येक वस्तू फिरवून बघणे. त्याला ‘ऑफ’ वाचता येत नाही हे खरं, पण त्याचं काही अडतही नाही. फिरवत राहिलं की चारातल्या दोन वेळा लागतंच.

आत काय चालतं ते बघितलं की या कॉकचा स्वभाव कळतो. खटका ओढला की दट्ट्या आत सरकतो आणि छोट्या नळकांड्यातलं द्रव पुढे ढकलतो, एका ओढीला साधारण एक मिलिलिटर. खटका सोडला की स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते, खालची झडप उघडते आणि बाटलीतल्या नळीतून नवं द्रव वर चढतं. नोझलच्या टोपीच्या आतल्या अंगाला बारीक खाचा असतात. ‘स्प्रे’च्या जागी त्या अशा जुळतात की द्रव गिरकी घेत बाहेर पडतं आणि त्याचा फवारा होतो. ‘स्ट्रीम’ला ते गिरकी न घेता सरळ सुटतं, त्याची धार होते. ‘ऑफ’ला खाचा जुळतच नाहीत. ऑफ म्हणजे एवढंच, पुढचा रस्ता बंद. खटक्याला कुणी हातही लावलेला नसतो.

म्हणून आपण सगळे करतो ती तपासणी, म्हणजे खटका ओढून बघायचा आणि कडक लागला तर ‘बंद आहे’ म्हणायचं, ती दोन्ही बाजूंनी दगा देते. नळकांड्यात द्रव भरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, खटका जागेवर अडतो, ठीक. पण बाटली नवी असेल किंवा आडवी पडून आत हवा शिरली असेल, तर ऑफ असतानाही खटका लोण्यासारखा आत जातो, कारण हवा दाबली जाते. याच्या उलट, नोझलमध्ये साबण सुकून बसला असेल तर सगळं उघडं असूनही खटका कडक लागतो. मग आपण बोटाला जोर देतो, आतला सुकलेला कण सुटतो आणि साचलेलं द्रव पिचकारीसारखं निघतं. कुठे जातं ते विचारू नका. बहुतेक वेळा आपण त्याच बाजूने वाकून बघत असतो.

मुलांच्या हातात ही बाटली कशी असते ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. आपण गळ्याला मूठ घालून तर्जनी-मधल्या बोटाने खटका ओढतो, नोझल समोर. मुलाची मूठ गळ्याला पुरत नाही आणि एका बोटात तेवढी ताकद नसते. मग ते बाटली दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखी पोटाशी धरतं आणि दोन्ही अंगठे खटक्यावर ठेवून दाबतं. अंगठ्यांनी दाबायचं तर खटका स्वतःकडे हवा. खटका स्वतःकडे म्हणजे नोझलही स्वतःकडे, आणि तेही बरोबर चेहऱ्याच्या उंचीवर. शिवाय काही निघालं नाही तर भोकात डोकावून बघणं हे ओघानेच आलं. हे सगळं केवळ मापाच्या गणिताने घडतं, खोडकरपणाचा त्यात काही संबंध नाही.

खरं बालसुरक्षित कुलूप दोन कामं एकाच वेळी करायला लावतं. नोझलच्या बाजूला किंवा खाली एक छोटी जीभ असते. ती दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच नोझल फिरवायचं. काही बाटल्यांत खटक्यालाच आडवी कळ असते. ती एका बाजूने ढकलली की खटक्यामागे अडसर येतो. मला विचाराल तर खटका अडवणारी कळ सरस, कारण ती लागली आहे की नाही हे लांबून दिसतं, अक्षरं वाचावी लागत नाहीत. फक्त नवी बाटली घेताना खटक्यात अडकवलेला जो सुटा चिमटा येतो त्याला कुलूप समजू नका. तो वाहतुकीत बाटली गळू नये म्हणून असतो आणि पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो.

आता ही दोन कामं ओल्या, साबणाच्या हातांनी करून बघा. जीभ तिळाएवढी, बोट बुळबुळीत, दुसऱ्या हातात फडकं. अंगठ्याने जीभ दाबावी तर नोझल फिरवायला बोट उरत नाही, नोझल धरावं तर जीभ निसटते. शेवटी माणूस एकदाच काय ते उघडतो आणि बाटली रिकामी होईपर्यंत तशीच ठेवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पोरगं बाहेर निवांत, आणि कुलपाशी झटतोय तो घर पुसणारा.

ही तक्रार नुसती माझी नाही, नियम करणाऱ्यांनाही ती ऐकू गेली होती. अमेरिकेत विषारी वस्तूंच्या वेष्टनाचा कायदा १९७० मध्ये झाला. त्यातली बालसुरक्षित झाकणं मोठ्या माणसांना उघडता येतात का, याची चाचणी आधी १८ ते ४५ वयाच्या लोकांवर घेत. म्हातारी माणसं ती झाकणं उघडता येत नाहीत म्हणून उघडीच ठेवतात हे ध्यानात आल्यावर १९९५ मध्ये नियम बदलला आणि परीक्षार्थी ५० ते ७० वयाचे ठरले. पहिल्या वेळी उघडायला पाच मिनिटं, दुसऱ्या वेळी एक मिनिट, आणि शंभरातल्या नव्वदांना जमलं पाहिजे.

मुलांची परीक्षा याहून मजेची. ४२ ते ५१ महिन्यांची मुलं जोडीजोडीने बसवतात, बाटली हातात देतात आणि सांगतात, उघडा. पाच मिनिटं. नाही उघडली तर मोठं माणूस त्यांच्यासमोर एकदा उघडून दाखवतं, तोंडाने काही न समजावता. मग आणखी पाच मिनिटं, आणि दात वापरायचे असतील तर वापरा असंही सांगतात. पहिल्या फेरीत निदान ८५ टक्के आणि दाखवून झाल्यावरही निदान ८० टक्के मुलांना ती उघडता आली नाही, तर बाटली पास. म्हणजे पाचातल्या एका मुलाने दहा मिनिटांत उघडली तरी ती बाटली ‘बालसुरक्षित’च. कुलपाने मुलाला वेळ लागतो, एवढंच त्याचं म्हणणं आहे. तेवढ्या वेळात आपण तिथे पोचायचं. आणि सगळ्याच स्प्रेच्या बाटल्या या परीक्षेला बसलेल्या नसतात, ते वेगळंच.

स्प्रेची बाटली या बाबतीत किती मागे राहिली हे एका पाहणीत दिसतं. १९९० ते २००६ या काळात अमेरिकेत घरगुती सफाईच्या द्रवांमुळे रुग्णालयात आणलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची ती पाहणी २०१० मध्ये ‘पीडिऍट्रिक्स’ या नियतकालिकात आली. एकूण इजा त्या काळात जवळजवळ निम्म्यावर आल्या. झाकणाच्या बाटल्यांमुळे होणाऱ्या कमी झाल्या, स्प्रेच्या बाटल्यांमुळे होणाऱ्या मात्र झाल्या नाहीत, आणि एकूण इजांत त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के होता. कारण समजायला फार बुद्धी लागत नाही. झाकण बंद केल्याशिवाय बाटली आडवी झाली तर सांडते, म्हणून माणूस ते बंद करतो. नोझल उघडं राहिलं तर आपलं काहीच बिघडत नाही.

गळ्याचं दार आपण विसरतोच. नोझलला कितीही भारी कुलूप असलं आणि मान साध्या आट्यांची असली, तर मूल खटक्याच्या भानगडीत न पडता नोझल-खटक्यासकट सगळं मुंडकं फिरवून काढतं आणि मग हातात फवारा नाही, पेलाच येतो. चांगल्या बाटलीच्या गळ्यावर दोन दाते असतात आणि मुंडक्याच्या कड्याला आतून त्यांना अडणारे दाते. कड्याच्या दोन्ही बाजू चिमटीत दाबल्याशिवाय ते उलटं फिरत नाही. पण हे दाते जोडीने काम करतात. आपली हौस अशी की जुन्या बाटलीचं मुंडकं चांगलं आहे म्हणून ते दुसऱ्या बाटलीवर बसवायचं. व्यास बहुतेकांचा २८ मिलिमीटर, त्यामुळे बसतंही. मात्र काहींचे आटे एक फेरी असतात, काहींचे दीड, आणि साध्या बाटलीच्या गळ्यावर दाते नसतातच. कुलूप दिसायला जागेवर असतं आणि एका पिळात उघडतं.

बिघाडांत पहिला नंबर सुकलेल्या द्रवाचा. ब्लीच सुकलं की त्यातलं मीठ जिभेच्या फटीत पांढऱ्या खड्यांसारखं बसतं, जीभ परत वर येत नाही आणि कुलूप कायमचं उघडं राहतं. हातमोजे घालून मुंडकं काढा, नोझल दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग नळी स्वच्छ पाण्यात सोडून खटका पाच-सहा वेळा ओढा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं आणि खाचा पुन्हा जुळत नाहीत. टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि फवाऱ्याची पिचकारी होते. खडे विरघळतात म्हणून व्हिनेगर तर मुळीच नको, ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तोंडाने फुंकून नोझल मोकळं करणाऱ्यांना काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही.

दुसरा बिघाड प्लॅस्टिकच्या थकव्याचा. जीभ मुळाशी वाकून वाकून तिथे एक पांढरट रेघ उमटते. ती दिसली की मुंडकं बदला, पुढच्या चार-सहा दाबांत जीभ हातात येते. त्यानंतर खटक्याला रबरबँड गुंडाळायचा उद्योग करू नये. रबरबँड खटक्याला दाबून धरतो, अडवत नाही, आणि मुलाला तो स्वतंत्र खेळ म्हणून मिळतो. उंच, कडीच्या कपाटात बाटली ठेवणं बरं, आणि ब्लीच किंवा ओव्हन साफ करायचं दाहक द्रव असेल तर मुंडकं धुऊन वेगळं ठेवावं, बाटलीला तिचं बालसुरक्षित झाकण लावावं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत द्रव ओतून ठेवणाऱ्याला मात्र कुठलंही कुलूप पुरणार नाही.

इतकं करूनही डोळ्यात गेलंच, तर पापणी उघडी धरून वाहत्या साध्या पाण्याखाली निदान पंधरा ते वीस मिनिटं डोळा धुवायचा, चोळायचा नाही, आणि मग डॉक्टर गाठायचे. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. दोन्ही वेळी बाटली सोबत न्यायची, कारण डॉक्टर पहिला प्रश्न ‘काय होतं?’ असाच विचारतात आणि ‘निळं’ हे उत्तर त्यांच्या कामाचं नसतं.

रात्री बाटली कपाटात जाताना कुलूप लागलंय का ते बघायची माझ्या मते एकच धड रीत आहे. नोझल मोरीकडे करायचं, जीभ न दाबता ते दोन्ही बाजूंना फिरवून बघायचं. हललं नाही तर लागलं. हललं तर ‘टक’ असा आवाज येईपर्यंत फिरवायचं आणि मग खटका दोनदा ओढून काही बाहेर येत नाही ना ते बघायचं. नोझल मोरीकडे आहे ना, हे त्याआधी पुन्हा एकदा बघायचं. चष्मा लावून.