व्हिंटेज हवंय? आधी माळ्यावर चढा

सध्या फेसबुक उघडलं की फिकट गुलाबी उशा, रंग उडालेली पांढरी कपाटं आणि लेसचे पडदे. मला ही सजावट मनापासून आवडते, आधीच सांगते. रेचेल ॲशवेल या बाईंनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाला 'शॅबी शिक' नावाचं दुकान काढलं आणि ते नावच पुढे या सजावटीला चिकटलं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती कापड, पोपडे आलेलं लाकूड, जुन्या बाजारात सापडलेल्या वस्तू. छानच आहे की! चीड येते ती आपल्या वेंगुर्ला-मालवणकडचे लोक घरचं सागवानी दार भंगारात देतात आणि वर 'अँटिक फिनिश'ची फ्रेम ऑनलाइन मागवतात तेव्हा. नव्या फर्निचरचा रंग उडवायला लोक पॉलिश पेपर घासत बसतात म्हणे. आपल्याकडे ते काम खारी हवा फुकटात करते.

मात्र फोटोतलं सगळंच इथे चालत नाही. पांढऱ्या सोफ्यावर पहिल्याच पावसात तांबड्या मातीची पावलं उमटतात, जाड पडद्यांना आषाढात कुबट वास सुटतो. जुन्या सुती साडीचा पडदा करा, पंख्याखाली रात्रीत वाळतो. पितळेचा डबा बिंबलं (आपली आंबट फळं) चिरडून घासा, पण खोबणीतला काळपटपणा राहू दे. नक्षी उठून दिसते ती त्यामुळेच.

भेटवस्तूंचंही तेच. वास्तुशांतीला आलेली भिंतीवरची घड्याळं वेष्टन न काढता या घरातून त्या घरात फिरत असतात, खोटं सांगू नका! खर्च होतो, पण देताना समोरच्या माणसाचा विचार दोन मिनिटंही केलेला नसतो. गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतविड्यासाठी मी सासूबाईंचं जुनं लुगडं बाहेर काढलं, तर शेजारच्या काकी म्हणाल्या, "गो, ह्या फाटक्या लुगड्याचा काय करतलस?" दुपटं केलं. निळा रंग उडून जवळजवळ राखाडी झालेला, काठ तेवढा शाबूत. तो काठ चारी बाजूंनी लावला, आत दोन पदर घातले आणि साधा धावदोरा मारला. भाची डोंबिवलीत राहते. आजीचं लुगडं तिने काठावरून लगेच ओळखलं. दुकानातली झबली बाळाला कधीच तोकडी झाली, दुपटं रोज वापरात आहे.

घरात जुनं काहीच नसेल तर सावंतवाडी गाठा. लाकडी फळं सगळेच नेतात, तुम्ही गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, बघा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पानं असतात, हाताने रंगवलेली. पत्त्यांची आवड असलेल्या माणसाला द्या, शोकेसमध्ये ठेवणाऱ्याला नको. तसं कशाला, माझ्या मते रोज हाताळली न जाणारी कुठलीच जुनी वस्तू भेट देऊ नये. यावर भांडायला या.

आता दिराच्या घराची वास्तुशांत आलीय. जाऊबाई करमलाची लोणची घालतात, पण त्यांच्याकडे धड बरणी नाही. जुनी पिवळी-पांढरी चिनी मातीची, झाकणासकट, कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर मेसेज करा. टवका उडालेला चालेल, चीर नको.